पंखा बंद करा आणि गा

घरी गाण्याचा डेमो करायचा म्हटलं की माणूस आधी माइकच्या किमती बघत बसतो. पहिलं काम खरं तर फुकटातलं आहे: पंखा बंद करणे. तो थांबला की कळतं, आपलं घर किती बोलकं आहे. फ्रिज घुरघुरतो, जुन्या ट्यूबलाइटचा चोक गुणगुणतो, भिंतीवरचं घड्याळ टिकटिकतं आणि ते कधीच आपल्या लयीत नसतं. शेजारच्या कुकरची तिसरी शिट्टी व्हायची असते. म्हणून रेकॉर्डिंगचा मुहूर्त रात्री साडेअकरानंतरचा. फ्रिज बंद केलात तर त्याच्या दारावर चिठ्ठी चिकटवा, नाहीतर डेमोची खरी किंमत सकाळी दुधाचं पातेलं सांगेल.

मग खोली. हॉलमध्ये उभं राहून एक टाळी वाजवा. टाइल्स आणि समोरासमोरच्या कोऱ्या भिंती असतील तर टाळीमागून ‘टर्र’ असा पत्र्यासारखा थरकाप येतो. गाण्यावर हाच बसतो, आणि नंतर कुठल्याही बटणाने तो धड निघत नाही. त्यापेक्षा गादी, उशा आणि कपड्यांनी गच्च भरलेलं कपाट असलेली बेडरूम बरी. गोधडी बहुतेक जण माइकच्या मागे टांगतात. पण माइकचे कान असतात गाणाऱ्याकडे, म्हणजे त्याला ऐकू येते गाणाऱ्याच्या पाठीमागची भिंत. गोधडी तिथे हवी, भिंतीपासून चार-सहा इंच सोडून. उघडं कपाट पाठीशी घेतलं तरी चालतं. एवढं मात्र खरं की गोधडी वरचेच आवाज गिळते. डग्ग्याचा घुमारा तिला जुमानत नाही. त्यासाठी कोपरा सोडून खोलीत थोडं आत सरकायचं.

माइक घ्यायचाच असेल तर साध्या खोलीत डायनॅमिक, म्हणजे कमी तिखट कानाचा प्रकार, घ्यावा. दुसरा प्रकार कंडेन्सर. तो नाजूक ऐकतो, ही त्याची ख्याती आणि हाच त्याचा ताप: त्याला गळा ऐकू येतो आणि खालच्या रस्त्यावरची रिक्षाही. शिवाय इंटरफेसला (माइक आणि लॅपटॉपच्या मधल्या डबीला) जोडायच्या कंडेन्सरला ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो. ते बटण दाबायचं राहून ‘माइक बिघडलाय’ म्हणणारे कमी नाहीत. अंतर तोंडापासून एक वीत. ‘प’ आणि ‘फ’चे फटके बसू नयेत म्हणून भरतकामाच्या रिंगवर जुना नायलॉनचा मोजा ताणून मध्ये धरला की काम भागतं.

नुसत्या फोनवरही डेमो होतो, पण त्यात एक गंमत आहे. सतत एकसारखा चालणारा आवाज म्हणजे गोंगाट, असं फोनच्या आवाज-सफाईला वाटतं. तानपुरा दुसरं काय करतो? मग ती इमानेइतबारे तानपुराच पुसते आणि लांबवलेल्या सुराचाही शेवट कुरतडते. ही सफाई आणि आवाज आपोआप कमी-जास्त करण्याची सोय, दोन्ही बंद करता येतील असं अ‍ॅप घ्या. रेकॉर्डिंग वेव्हमध्ये (WAV, आवाज न दाबता साठवणारी फाइल), ४८ किलोहर्ट्झ, जमलं तर २४ बिट.

गाणारा आणि पेटी एकाच माइकवर असतील तर मिक्सिंग अंतरानेच करायचं. गळा फूटभरावर, पेटी तीन-चार फुटांवर, भात्याची बाजू माइकपासून दूर. पेटी दबत असेल तर पेटी पुढे सरकवा, वाजवणाऱ्याला जोर लावायला सांगू नका. जोराने भाता आधी ऐकू येतो. पेटीखाली सतरंजीची घडी घाला आणि फोन चुकूनही पेटीवर ठेवू नका, पट्ट्यांची खटखट थेट आत जाते. तानपुऱ्याचं अ‍ॅप पेटीच्या सा-ला कानाने जुळवून घ्यावं. पेटी बरोबर ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुरालाच लागलेली असेल असं नाही, आणि हलू शकतं ते अ‍ॅपच.

ठेका कानात घेऊन गायचं तर वायरवाले इअरफोन. ब्लूटूथमध्ये आवाज सहज २०० मिलिसेकंद उशिरा पोचतो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची. म्हणजे जवळजवळ अर्धी मात्रा हवेतच गेली, आणि बोल लावला जातो गाणाऱ्याला.

लेव्हल लावताना सगळे हळूच ‘हॅलो, हॅलो’ म्हणतात आणि अंतऱ्याला तार षड्‌जावर सुटतात. चाचणी त्या षड्‌जाचीच घ्यावी, आणि काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं बघावं. हळू झालेलं नंतर वाढवता येतं, फाटलेलं शिवता येत नाही.

लॅपटॉप चार्जरवर असताना बारीक ‘हं’ ऐकू आला तर चार्जर काढून बॅटरीवर चालवा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ५० आणि १०० हर्ट्झचा हा सूर अर्थिंग नीट नसलं की आत शिरतो. पांढरी एकमध्ये (सा म्हणजे पाश्चात्त्य C) गाणाऱ्याला तो जवळपास पंचम लागतो, पण चढा. बेसूर साथीदार, तोही न बोलावलेला.

शेवटचा सूर विरल्यावर मनात पाच आकडे मोजा, मग स्टॉप, मग पंखा. चार मिनिटांची २४ बिट मोनो (एकाच चॅनेलची) वेव्ह फाइल साधारण ३५ एमबी होते. व्हॉट्सअ‍ॅपवर ती डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि नाव ‘न्यू रेकॉर्डिंग ३७’ असं ठेवण्यापेक्षा मुखड्याचा पहिला शब्द लिहा आणि पुढे पट्टी आणि लय: ‘काळी चार, ९२’.