तोंडावरूनसुद्धा कळायला नको

"मॅडम, तुम्ही सिनेमा आधी बघितला तर मला काय सांगू नका. आणि तोंडावरनं पण कळायला नको."

नववीतल्या पोरानं पहिल्याच आठवड्यात मला घातलेली ही अट. मी फिजिओथेरपिस्ट आहे, कोल्हापूरला शाहूपुरीतल्या एका दवाखान्यात. २०१९ च्या फेब्रुवारीअखेर पन्हाळ्याहून येताना तो चुलत भावाच्या गाडीवरून पडला आणि मांडीचं हाड मोडलं. रॉड घालून ऑपरेशन झालं, हाड छान जुळत होतं. बिघडलं ते घरी. दुखतंय म्हणून आईनं पाय सरळच ठेवला, महिनाभर गुडघा कुणी वाकवलाच नाही. माझ्याकडे आला तेव्हा मोजलं तर कसाबसा ५५ अंश वाकत होता. खुर्चीत नीट बसायला ९० तरी लागतात.

आणि त्याला बसायचं होतं तीन तास एक मिनिट. 'अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम' हा सुपरहिरोंचा सिनेमा २६ एप्रिलला लागणार होता. आदल्या वर्षीच्या भागात थॅनॉस नावाच्या खलनायकानं चुटकी वाजवून निम्मी जीवसृष्टी राखेत मिळवली होती, आणि ते बघून बाहेर पडल्यापासून हे पोरगं पुढं काय होणार म्हणून थांबलेलं. २००८ पासूनचे सगळे भाग त्याला पाठ. दुखलं की दात आवळून म्हणायचा, "सव्वीस तारीख, मॅडम."

सुपरहिरोंचे सिनेमे म्हणजे पोरखेळ, असं आमच्याकडे येणारे बरेच जण म्हणायचे. मला ते पटायचं नाही. वर्षभर जपलेली उत्सुकता ही त्याची स्वतःची कमाई होती. ती कुणी एका वाक्यात लुटून न्यावी, हे मला बघवलं नसतं. म्हणून मी ठरवलं, त्याच्या आधी आपण बघायचाच नाही. रोज चाळीस मिनिटं तो माझ्या तोंडाकडे बघत झोपलेला असायचा, आणि माझ्या चेहऱ्यावर काही लपत नाही.

एप्रिलच्या मध्यात सिनेमातले काही तुकडे इंटरनेटवर फुटले. त्यानं त्याच दिवशी मोबाईल आईच्या स्वाधीन केला. शेवट कुणी कुणाला सांगू नका, असं दिग्दर्शक रुसो बंधूंनी प्रेक्षकांना पत्रच लिहिलं होतं, हेही मला त्यानंच सांगितलं. जोतिबाची यात्रा झाली, २३ तारखेचं मतदान झालं, गुडघा ८० च्या पुढं सरकला. पण पहिल्या तीन दिवसांची तिकिटं संपलेली. मिळाली ती सोमवारची, २९ तारखेची, सकाळच्या खेळाची. कडेची खुर्ची, म्हणजे अधूनमधून पाय वाटेत लांब करता येईल. मी माझ्यासाठी त्याच दिवशी संध्याकाळचं तिकीट काढलं.

शनिवार उजाडला. आमची इंटर्न आदल्या रात्रीच सिनेमा बघून आली होती. एक शब्द बोलली नाही बिचारी, पण डोळे सुजलेले. पोरानं तिच्याकडे एकदा बघितलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. थोड्या वेळानं हळूच म्हणाला, "कोणतरी गेलंय वाटतं." मी इंटर्नला आतल्या खोलीत, शेक द्यायच्या पिशव्यांकडे पाठवलं.

तो पालथा झोपला. या व्यायामात पेशंटनं पायानं माझ्या हाताला पाचसहा सेकंद रेटा द्यायचा, मग पाय सैल सोडायचा, आणि तेवढ्यात मी गुडघा थोडा पुढं वाकवायचा. दोन्ही हात गुंतलेले असतात आणि मध्येच सोडता येत नाही. सोडला तर पाय झटका खातो. नेमकं तेव्हाच पडद्यापलीकडून कुणा पेशंटच्या मुलाचा फोनवरचा आवाज आला, "अरे, सांगतो तुला, शेवटी काय होतंय..."

माझ्या हातात त्याचा पाय. पडद्यापलीकडे जाता येईना. मी जोरात मोजायला लागले, "एक! दोन! तीन!" तोही उशीत तोंड खुपसून ओरडायला लागला, "चार! पाच!" शेजारच्या टेबलावर गुडघे शेकत असलेल्या आज्जींना काहीच माहीत नव्हतं, पण त्यांनीही सूर धरला. विसापर्यंत गेलो. दम खायला थांबलो तेव्हा पलीकडं शांतता होती. तो माणूस फोन घेऊन बाहेर गेला होता.

ओरडायच्या नादात त्यानं पाय आवळून धरायचं सोडलं होतं. मोजलं तर ८८. उरलेला वेळ आम्ही दवाखान्याच्या जिन्यावर घालवला, कुबड्या घेऊन. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. थिएटरमध्ये काळोखात घाई करायची नाही आणि पाऊल अधूनमधून हलवत राहायचं, हे आईकडूनही दोनदा वदवून घेतलं.

मंगळवारी तो आला. दारातूनच विचारलं, "बघितलासा?"

मी मान डोलावली. त्यानं माझ्या तोंडाकडे नीट बघून घेतलं, कुबड्या भिंतीला टेकवल्या आणि टेबलावर चढत म्हणाला, "पडदा ओढा मॅडम, पलीकडच्यांनी बघितला नसंल."

मग तो कुजबुजत सुरुवातीपासून सांगत गेला आणि मी गुडघा वाकवत राहिले. इंटर्न येऊन उभी राहिली, तिचे डोळे परत भरले. चाळीस मिनिटांचा तास झाला आणि त्या दिवशी अंश मोजायचेच राहिले.

मतदानाची शाई अजून बोटावर असलेल्या आज्जी पडद्याआडून कान देऊन होत्या. "मग रं? कोण गेलं शेवटी?"

"आज्जी, तुम्ही बघणार असला तर नाही सांगायचं."

त्या जरा गप्प बसल्या. मग पडदा बोटानं बाजूला करून विचारलं, "किती पायऱ्या हैत रं तिथं?"