मुलांच्या उंचीवरून पाहिलेला जपान

तोदाइजी मंदिरातल्या त्या खांबापुढे रांगेत उभं असताना माझी आठ वर्षांची लेक एकदम गप्प झाली होती. जपानमधल्या नारा शहरातल्या या मंदिरात सुमारे 15 मीटर उंचीची बुद्धाची कांस्यमूर्ती आहे. तिच्या मागे एका जाडजूड लाकडी खांबाला बुंध्याशी आरपार भोक आहे, मूर्तीच्या नाकपुडीएवढं, असं सांगतात. त्यातून सरपटत जो पलीकडे जाईल त्याचं भलं होतं, अशी तिथली श्रद्धा. आधी तिचे दोन्ही हात बाहेर आले, मग केस, मग लालबुंद चेहरा. पलीकडच्या अनोळखी माणसांनी टाळ्या वाजवल्या. पाच वर्षांचा धाकटा तर एका दमात पार झाला.

मूर्तीची प्रतिष्ठापना 752 सालची, आत्ताचं सभागृह 1709 मधलं, हे मी आत शिरतानाच सांगितलं होतं. तेव्हा दोघांचं लक्षही नव्हतं. भोकातून बाहेर आल्यावर मात्र लेकीने वर मान करून विचारलं, "आई, एवढी मोठी मूर्ती दारातून आत कशी आणली?" मूर्ती जागेवरच, खालून वर टप्प्याटप्प्याने ओतत नेली होती, हे ऐकताना तिचे डोळे मोठे झाले. पुढचा अर्धा तास आम्ही तिथून हललो नाही.

हा अर्धा तास आम्हाला आधीच्या परदेशवारीत मिळालाच नव्हता. तेव्हा अकरा दिवसांत सहा शहरं केली होती. रोज नवी खोली, रोज सकाळी बॅगा, आणि मुलं बसमध्ये पेंगलेली. परतल्यावर काय आवडलं असं विचारलं, तर दोघांनाही फक्त एका हॉटेलातला पोहण्याचा तलाव आठवला. मला फार वाईट वाटलं. मुलांना फिरवून आणलं होतं, पण त्यांच्यासाठी जागा निवडलीच नव्हती.

म्हणून जपान ठरवताना प्रत्येक ठिकाणापुढे एकच प्रश्न लिहिला: इथे मुलं स्वतः काय करतील? नुसतं बघायचं असेल तर ते ठिकाण खाली ढकललं. मुक्काम सहाही रात्री क्योटोलाच ठेवला. नारा तिथून जलद गाडीने पाऊण तासावर, त्यामुळे सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं.

नाराच्या उद्यानात हजाराहून जास्त हरणं मोकळी फिरतात. त्यांच्यासाठी खाऊच्या खास चकत्या विकत मिळतात. चकती दाखवून आपण मान झुकवली की बरीच हरणं मान झुकवतात! धाकट्याने हा नमस्कार कितीदा केला, मोजलं नाही. पण एक काळजी घ्याच. चकती दाखवून ती लपवत राहिलं तर हरीण ढुशी मारतं, कपडे ओढतं. लहान मुलाच्या हाती एका वेळी एकच चकती द्यावी आणि आपण अगदी जवळ उभं राहावं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला पाडसांच्या आया आणि शरदात नर जास्त आक्रमक असतात.

दुसऱ्या दिवशी क्योटोचं रेल्वे संग्रहालय. 2016 मध्ये उघडलेल्या या संग्रहालयात वाफेच्या इंजिनांचं जुनं गोलाकार शेड आणि इंजिन वळवणारी फिरती चकती आहे. खऱ्या वाफेच्या इंजिनामागच्या डब्यात बसून छोटी फेरीही मारता येते. शिट्टी वाजली तेव्हा धाकट्याने कानांवर हात ठेवले आणि लगेच काढले. दुपारनंतर आम्ही दुसरं काहीच ठरवलं नव्हतं, म्हणून तो दमेपर्यंत तिथे थांबता आलं. जपानमधल्या जेआर, म्हणजे जपान रेल्वेच्या, गाड्यांत 6 ते 11 वर्षांच्या मुलांना निम्मं भाडं पडतं.

औषधांचं मात्र निघण्याआधी पाहा. सर्दीच्या काही औषधांतलं स्यूडोएफेड्रिन 10 टक्क्यांहून जास्त असेल तर जपानमध्ये नेता येत नाही. मुलांची औषधं घटक वाचूनच भरावीत.

मुलं याहून लहान असतील तर मी सिंगापूर निवडेन. अंतरं कमी, आणि 1994 मध्ये सुरू झालेल्या नाइट सफारीत ट्राममध्ये बसून अंधारातले प्राणी दिसतात. चालून दमलेलं मूलही तिथे खूश राहतं.

आमचा पुढचा बेत आइसलँडचा आहे, लेक दहाची झाल्यावर. तिथला स्ट्रोक्कुर नावाचा गरम पाण्याचा फवारा साधारण दर सहा ते दहा मिनिटांनी उसळतो, बहुतेकदा 15 ते 20 मीटर. आधी पाण्याला निळा फुगा येतो, मग तो फुटतो. आकडे मोजत वाट बघायची आणि पुढचा केव्हा येईल याची पैज लावायची, हे धाकट्याने आत्ताच ठरवून टाकलंय.