तुम्ही विचारलंत म्हणून: माझे दात असे कशामुळे झाले

"लहानपणी अंगठा चोखायचीस का गं?" ऑफिसात नव्याने आलेल्या मॅडमपासून चुलत नणंदेपर्यंत सगळ्यांनी मला हे विचारून झालंय. विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, हे मला कळतं. पण उत्तर त्यांनी आधीच ठरवलेलं असतं, आणि मी 'नाही' म्हटलं की त्यांचा विश्वास बसत नाही. मग पुढचे प्रश्न येतात. दात पडला तिथे जीभ लावायचीस का? कुठे आपटली होतीस का? घरच्यांनी तार का नाही लावली? हे सगळं मी इतकी वर्षं ऐकून घेतलं. मध्यंतरी एका नात्यातल्या बाईंनी माझ्या आठ वर्षांच्या लेकीची हनुवटी धरली, तिचं तोंड खिडकीकडे वळवलं आणि म्हणाल्या, "आईवर गेलीस की काय?" आता मात्र सविस्तर उत्तर देते. निदान माझ्या लेकीला तरी पुन्हा कुणी विचारू नये.

माझा वरचा डावा सुळा हिरडीत उंच चढलेला आहे. खालचे पुढचे चार दात एकमेकांत अडकलेत, त्यातला एक तर पुरता आडवा वळलाय. वरची उजवी बाजू मात्र जवळपास सरळ आहे. एवढंच तुम्ही नीट पाहिलं असतंत तर तुम्हालाच शंका आली असती. अंगठा चोखल्याने हे झालं असतं तर एकच सुळा वर का जाईल? बरीच वर्षं अंगठा तोंडात राहिला की वरचे पटाशीचे दात पुढे येतात, खालचे आत जातात, आणि दाढा मिटल्या तरी पुढे वरखालच्या दातांत फट राहते. माझ्यात यातलं काहीच नाही. मी शेंगेचं टरफल आजही पुढच्या दातांनी फोडते.

डाव्या बाजूचं कारण मला माहीत आहे. सात वर्षांची असताना माझी त्या बाजूची दुधाची दाढ किडली, गाल सुजला, ताप भरला. सुगीचे दिवस होते. आई हातातलं काम टाकून मला एसटीने विट्याला घेऊन गेली. डॉक्टरांनी त्या बाजूच्या दोन्ही दुधाच्या दाढा काढल्या आणि म्हणाले, "दुधाच्याच आहेत, आज ना उद्या पडायच्याच होत्या." आईला बरं वाटलं. मलाही वाटलं, कारण दुखायचं थांबलं.

पण दुधाची दाढ नुसती चावायला नसते. दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत ती खालून येणाऱ्या दातासाठी जागा धरून बसते, एसटीच्या सीटवर टाकलेल्या रुमालासारखी. साधारण सहाव्या वर्षी तिच्या मागे पहिली कायमची दाढ येते. ही दाढ येताना कुठलाच दात पडत नाही, त्यामुळे घरातल्यांना तीही दुधाचीच वाटते. पुढची दाढ वेळेआधी गेली की ही मागची पुढे सरकू लागते, वरच्या जबड्यात तर जास्तच लवकर. वरचा सुळा अकराव्या-बाराव्या वर्षी उतरतो, जवळजवळ सगळ्यांच्या शेवटी. तोवर त्याची जागा संपलेली असते. मग तो वाट मिळेल तिथून बाहेर पडतो. दाढ काढल्यावर मागच्या दाढेला पट्टी आणि पुढे तारेचं वेटोळं, अशी जागा राखणारी साधी कडी बसवतात. ती आम्हाला कुणी सांगितली नाही. तालुक्याच्या गावी १९९१ साली ती कुणाकडे मिळत होती की नव्हती, हेही मला सांगता येणार नाही. म्हणून त्या डॉक्टरांवर राग धरायचं मी सोडून दिलंय. धरला होता, बरीच वर्षं.

खालच्या दातांचं काय? तिथे कुणी काही काढलेलं नव्हतं. ते माझ्या आत्याचे दात आहेत. तसाच अरुंद जबडा, तसेच रुंद दात, आणि तो आडवा वळलेला दातसुद्धा त्याच बाजूला. लोक म्हणतात, जबडा एकाकडून आला आणि दात दुसऱ्याकडून, म्हणून बसले नाहीत. इतकं सरळ वाटप होत नसतं. पण दातांची रुंदी आणि जबड्याची ठेवण यांचा मेळ न बसणं हे गर्दीचं मोठं कारण आहे, आणि त्यात घराण्याचा वाटा असतो. आत्या आणि मी शेजारी बसलो की वेगळा पुरावा लागत नाही.

म्हणजे माझ्या एका तोंडात दोन कारणं आहेत. अंगठा त्यात नाही. तरीही आमच्या सगळ्या नात्यात 'ती अंगठा चोखायची' हेच पक्कं बसलंय, आणि ते तुमच्यापर्यंत पोचलंय. ते कुठून आलं, ते आता सांगते.

२००८ सालची गोष्ट. मला बघायला पाहुणे आले होते. मुलगा, त्याचे आई-वडील आणि त्याची मावशी. वडिलांनी शेजारून प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणल्या होत्या. पोहे झाले, चहा झाला, शिक्षण विचारून झालं. मी ओठ मिटून बोलत होते. तसं बोलायची मला शाळेपासूनची सवय आहे, 'फ' आणि 'व' सुद्धा मला जवळजवळ ओठ मिटून म्हणता येतात. मावशीच्या ते लक्षात आलं. त्या म्हणाल्या, "हस की जरा मोकळी. आम्ही काय परके आहोत?" मी हसले. त्यांनी बहिणीकडे पाहिलं. मग आईला विचारलं, "दात असेच आहेत का पहिल्यापासून? की घरात कुणाचे आहेत तसे?"

आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने पदर तोंडाशी नेला. वडील ट्रेमधले रिकामे कप एकात एक घालत बसले.

आणि आई म्हणाली, "नाही हो, घरात कुणाचे नाहीत. ही अंगठा चोखायची. पहिलीत गेली तरी चोखायची. कडुलिंबाचा पाला वाटून लावला, रात्री फडकं बांधलं, पण ऐकेल तर शपथ. लई हट्टी होती."

मी आईकडे बघत राहिले. कडुलिंबाचा पाला आणि फडकं या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, पण त्या माझ्या धाकट्या भावाच्या होत्या. तो पाला पाण्याने धुऊन पुन्हा अंगठा तोंडात घालायचा, हे मी स्वतः पाहिलंय. त्याने ती सवय शाळेत जायच्या आधी सोडली आणि त्याचे दात सरळ आहेत. त्याची सगळी गोष्ट आईने उचलून माझ्या तोंडावर चिकटवली होती, चार परक्या माणसांसमोर, आणि मला तिथे 'नाही' म्हणायचीही सोय नव्हती. मावशी समाधानाने मान हलवत म्हणाल्या, "मग सवयीचं आहे. पुढे पोराबाळांना यायचं नाही." मुलाची आई पहिल्यांदा मोकळी हसली.

पाहुणे गेल्यावर मी आईशी भांडले. ताटं घासताना, अंथरूणं घालताना, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. खोटं का बोललीस? मला हट्टी का ठरवलंस? तिने एकदाच उत्तर दिलं. "मग काय सांगायचं होतं? आत्याकडे बोट दाखवायचं होतं?"

त्या स्थळाकडून आठवड्याने मध्यस्थांकरवी पत्रिका जुळत नसल्याचा निरोप आला. पुढे माझं लग्न झालं, नीट झालं, आणि नवऱ्याने दातांबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. पण त्या दिवशी आईने सांगितलेलं कारण लग्नाच्या आधी सासरी पोचलं होतं.

तेव्हाची मी आणि आताची मी यांचं यावर अजून एकमत होत नाही. तेव्हाची म्हणते, आईने स्वतःला वाचवलं आणि मला पुढे केलं. आताची म्हणते, तिच्यापुढे होतं तरी काय? घराण्याचं म्हटलं असतं तर दारात उभी असलेली नणंद उघडी पडली असती आणि माझं लग्नही अडलं असतं, कारण 'नातवंडांना येणार' ही भीती पाहुण्यांच्या प्रश्नातच होती. दाढ लवकर काढल्याने असं होतं हे तिला माहीतच नव्हतं. माहीत असतं तरी 'आम्हीच काढून आणली' हे ती कशी म्हणणार? उरला अंगठा. त्याने कुणाचंच काही जात नव्हतं, माझ्याशिवाय. आताची मी इथवर येते, आणि मग तेव्हाची विचारते, 'माझ्याशिवाय' हे एवढं हलकं होतं का? यावर माझ्याकडे उत्तर नाही.

तुमच्या बाकीच्या कारणांकडेही येते, कारण तुम्ही ती सोडणार नाही.

अक्कलदाढेने पुढचे दात ढकलले असं बरेच जण सांगतात. ज्यांना अक्कलदाढ आलीच नाही त्यांचेही खालचे दात वयाबरोबर दाटत जातात, तेव्हा हे सोडून द्या. आजी म्हणायची, दात पडला तिथे जीभ लावू नये. जिभेने चाचपून काही होत नाही. पण गिळताना दर वेळी जीभ दातांमध्ये घुसत असेल किंवा एरवीही तिथेच विसावत असेल, तर मात्र दात हलतात. दाताला हलवायला मोठा जोर लागत नाही. हलका दाब रोज तासन् तास राहिला की पुरतो, तारही तशीच काम करते. आजीचं म्हणणं अगदीच वाया गेलं नाही याचा मला आनंद आहे.

तोंडाने श्वास घेणाऱ्या मुलांकडे मात्र खरंच लक्ष द्या. ऑफिसातल्या एका मैत्रिणीचा मुलगा रात्री घोरायचा, दिवसाही त्याचं तोंड उघडं असायचं. सगळे त्याला 'तोंड मीट' म्हणून ओरडायचे. नाकामागच्या ॲडेनॉइडच्या गाठी सुजून त्याचं नाकच बंद होतं, तो मिटणार कसा? तोंड सतत उघडं राहिलं की जीभ टाळूला टेकत नाही, वरचा जबडा अरुंद वाढतो आणि दात दाटतात. तो मुलगा आधी दातांच्या नाही, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जायला हवा होता.

आणि 'आमच्या वेळी कुणाचे दात असे नव्हते' म्हणणाऱ्या थोरांना, तुमच्यात थोडं तथ्य आहे. अमेरिकेतले मानवशास्त्रज्ञ रॉबर्ट कोरुचिनी यांनी १९८०च्या दशकात चंडीगडच्या परिसरात पाहणी केली, तेव्हा खेड्यातल्या तरुणांपेक्षा शहरातल्यांचे दात जास्त बिघडलेले आढळले. मऊ अन्नामुळे जबड्याला चावायचं काम उरत नाही आणि तो पुरेसा वाढत नाही, असा त्यांचा रोख होता. मला हे पटतं, पण मला ते लागू पडत नाही. मी ज्वारीची भाकरी खाऊन आणि दातांनी ऊस सोलून वाढले. आत्याही.

आता तार. लहानपणी ती माझ्या आई-वडिलांच्या आवाक्यातच नव्हती, पैशाने नाही आणि अंतरानेही नाही. त्यांना यावरून बोलायचं असेल तर माझ्याशी बोला. नोकरी लागल्यावर मी स्वतः गेले. डॉक्टरांनी प्लॅस्टरचा साचा घेतला आणि तो हातात धरून दाखवलं, डावी मागची दाढ उजवीपेक्षा किती पुढे आलीय ते. वर्षानुवर्षं मनात होतं ते पहिल्यांदा असं समोर दिसलं. जागा करायला चांगल्या उपदाढा, म्हणजे सुळ्यामागच्या लहान दाढा, काढाव्या लागतील असं ते म्हणाले. मी घरी आले आणि वाचत बसले. दात काढावेत की नाही, यावर त्या शास्त्रातच जुना वाद आहे. १८९९ साली वाकड्या दातांची वर्गवारी मांडणारे एडवर्ड अँगल एकही दात काढायच्या विरुद्ध होते, आणि त्यांचाच शिष्य चार्ल्स ट्वीड पुढे उपदाढा काढून उपचार करू लागला. मी पुन्हा गेले नाही. विचारलं की सांगायचे, 'मी आहे तशी बरी आहे.' ते पूर्ण खरं नव्हतं. एकदा दाढा काढून जे झालं, त्यानंतर पुन्हा कुणी दात काढायचं नाव घेतलं की माझे हात गार पडतात. चाळिशीतही तार लावता येते, हे मला माहीत आहे. लावणारच नाही असंही मी म्हणत नाही.

लेकीचं विचाराल, तर तिच्या वरच्या पुढच्या दोन दातांत फट आहे आणि ते थोडे फाकलेत. या वयात बऱ्याच मुलांचं असंच असतं. वरून उतरणारे सुळे शेजारच्या दातांच्या मुळांवर दाबत असतात. ते खाली आले की फट बहुतेक वेळा मिटते. तिची एक दुधाची दाढ किडली होती. ती आम्ही काढू दिली नाही, भरून घेतली. खालचे दात पुढे कसे बसतील ते आत्ता कुणीच सांगू शकत नाही. तिला आरशासमोर उभं करून कुणावर गेलीस ते विचारायचं नाही, एवढंच.

आईला मी मागच्या दिवाळीत पुन्हा विचारलं. आता तिच्यावर कसलंच दडपण नव्हतं, आत्याही जाऊन बरीच वर्षं झाली. मला वाटलं, आता तरी म्हणेल, वेळ मारून नेली गं. ती म्हणाली, "चोखायचीसच तू. तीन वर्षांची होईस्तोवर. तुला काय आठवणार? तुझं बघूनच तर धाकटा शिकला."

मी डॉक्टरांना विचारलं, तोंड बघून हे कळेल का? ते म्हणाले, तिसऱ्या-चौथ्या वर्षी सवय सुटली असेल तर पुढे तिची खूण बहुतेक राहत नाही. म्हणजे आई खोटं बोलली की थोडं खरं वाढवून बोलली, हे माझे दात कधी सांगणार नाहीत. मी चोखलाही असेन अंगठा. माझा सुळा त्यामुळे वर गेलेला नाही.