विंडोज ११ वरून पुन्हा १० वर: चवथीच्या तोंडावरचा माझा अनुभव

गोव्यात फोंड्याला माझं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवून छपाईसाठी तयार करण्याचं, लहानसं दुकान आहे. श्रावण लागला की भजनी सप्ताहांची पत्रकं, चवथ जवळ आली की आरतीसंग्रह आणि मंडळांची कुपनं, पुढे लग्नपत्रिका आणि जत्रेतल्या नाटकांची हँडबिलं, असं आमचं वर्ष फिरतं. २०२५ ची चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, २७ ऑगस्टला होती. त्याआधीच्या धांदलीत मला लॅपटॉप विंडोज ११ वरून परत १० वर आणावा लागला. कुणावर तशी वेळ आली तर उपयोगी पडेल म्हणून सगळं लिहून ठेवतोय.

विंडोज १० चं सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार, अशी सूचना स्क्रीनवर सारखी येत होती. लॅपटॉप इंटेलच्या अकराव्या पिढीचा, टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप असलेला, म्हणजे ११ साठी पात्र. पावसाळ्याच्या सुरुवातीला काम थंड असतं, तेव्हा अपग्रेड करून घेतलं. ते बिनबोभाट झालं. बिलं, ईमेल, पीडीएफ, सगळं चालत होतं.

गाडी अडली ती आरतीसंग्रहापाशी. ही पुस्तिका दरवर्षी थोडे फेरफार करून छापायची असते. तिची फाइल आहे एका जुन्या मराठी टाइपसेटिंग सॉफ्टवेअरमधली, युनिकोड (सगळीकडे सारखी दिसणारी अक्षरांची पद्धत) येण्याआधीच्या फॉन्टमध्ये. दुसऱ्या कुठल्याही प्रोग्राममध्ये उघडली की देवाच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि डॉलरची चिन्हं दिसतात. आणि हे सॉफ्टवेअर चालतं ते यूएसबीला लावायच्या लॉकवर. ११ वर त्या लॉकचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ते ओळखायला लावणारा छोटा प्रोग्राम, चढेनाच. विंडोज सिक्युरिटीमध्ये डिव्हाइस सिक्युरिटी, त्यात कोअर आयसोलेशन, तिथे मेमरी इंटिग्रिटी नावाचं बटण असतं. ते चालू असलं की जुन्या धाटणीचे ड्रायव्हर अडवले जातात. ते बंद करून पाहिलं. लॉक ओळखलं गेलं, पण प्रिंट दिली की प्रोग्राम बंद. सॉफ्टवेअर विकणाऱ्याचं उत्तर सरळ होतं: नवीन आवृत्ती घ्या, नवीन लॉक घ्या. चवथीच्या तोंडावर तो खर्च आणि सगळ्या फाइल पुन्हा तपासण्याचं काम, दोन्ही परवडणारं नव्हतं. तिकडे देवस्थानच्या सेक्रेटरींचा फोन रोजचा, "भाई, प्रूफ केन्ना मेळटलें?" (कधी मिळेल?)

माझा भाचा फर्मागुढीला इंजिनिअरिंग शिकतो. तो म्हणाला, "मामा, आधी गो बॅक बघ." सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग रिकव्हरी, तिथे गो बॅक असतं. अपग्रेडनंतर जुनी विंडोज ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरमध्ये ठेवलेली असते, तीच परत जागेवर येते, फाइलही शाबूत राहतात. पण ही सोय १० दिवसांचीच, आणि माझ्या बाबतीत ती मुदत कधीच उलटली होती. नंतर कळलं की त्या १० दिवसांच्या आत डिझम नावाच्या कमांडने ही मुदत ६० दिवसांपर्यंत वाढवता येते. ज्यांचं काम हंगामी आहे त्यांनी अपग्रेड केल्या दिवशीच ती कमांड देऊन टाकावी. कुठलं जुनं यंत्र किंवा सॉफ्टवेअर रुसलंय हे आपल्याला हंगाम आल्यावरच समजतं.

राहिला एकच मार्ग, १० कोरी बसवायची. सी ड्राइव्ह पुसला जाणार हे धरूनच चालायचं. खरं काम पेनड्राइव्ह लावायच्या आधीचं आहे, हे भाच्याने मला बजावलं आणि तो अगदी बरोबर होता. डेस्कटॉपवरच्या आणि डॉक्युमेंट्समधल्या फाइल बाहेरच्या हार्डडिस्कवर घेतल्या. फॉन्ट वेगळे काढले. डीटीपीवाल्यांनी हे विसरू नये: फाइल वाचली आणि फॉन्ट गेला तर ती फाइल असून नसल्यासारखी. मग लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून आपल्या मॉडेलचे विंडोज १० चे ड्रायव्हर उतरवले, निदान वायफाय आणि स्टोरेजचे. वरच्या बाजारात त्या दिवशी लाइट येत-जात होती, त्यामुळे डाउनलोड दोनदा अर्ध्यावर तुटलं.

आणखी एक गोष्ट म्हणजे बिटलॉकरची, म्हणजे विंडोजमधल्या डिस्कच्या कुलपाची, किल्ली. आजकालच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप एनक्रिप्ट (कुलूपबंद) झालेली असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात लॉगिन केलं की तिथे ४८ अंकी रिकव्हरी की सापडते. भाच्याने ती कागदावर उतरवून घ्यायला लावली. मला तेव्हा ते अति वाटलं.

पेनड्राइव्ह करणं सोपं. मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरचं विंडोज १० चं मीडिया क्रिएशन टूल, निदान ८ जीबीचा पेनड्राइव्ह, बाकी ते टूल पाहून घेतं. पेनड्राइव्ह आधी पूर्ण पुसला जातो, म्हणून ड्रायव्हर त्यात टाकायचे ते नंतर. लॅपटॉप पेनड्राइव्हवरून सुरू केला, भाषा निवडली, कस्टम इन्स्टॉल निवडलं आणि विंडोज कुठे बसवायची हे विचारणारी खिडकी उघडली. ती रिकामी. एकही ड्राइव्ह नाही. क्षणभर वाटलं डिस्कच गेली.

डिस्कला काही झालेलं नव्हतं. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपमध्ये एसएसडी (आतली डिस्क) व्हीएमडी नावाच्या कंट्रोलरमागे बसवलेली असते, आणि विंडोज १० च्या सेटअपजवळ त्याचा ड्रायव्हर नसतो. उपाय त्याच खिडकीत आहे. खाली ‘लोड ड्रायव्हर’ लिहिलेलं असतं, त्यावर क्लिक करायचं आणि इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर ज्या फोल्डरमध्ये सुटा करून ठेवलाय तो दाखवायचा. सुटा म्हणजे सुटाच, नुसती इन्स्टॉलरची फाइल तिथे चालत नाही, आतली आयएनएफ फाइल (नावाच्या शेवटी .inf असलेली) दिसली पाहिजे. तो ड्रायव्हर दिला आणि सगळे पार्टिशन एका झटक्यात ओळीने हजर झाले. बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये, जाऊन व्हीएमडी बंद करण्याचा सल्लाही लोक देतात. चालतो तोही, पण मी बायोसला हात लावला नाही.

सी चं जुनं पार्टिशन काढलं, मोकळ्या जागेवर विंडोज बसवली, डी ला धक्का लावला नाही. प्रॉडक्ट की कुणी विचारलीच नाही. लॅपटॉप मुळात विंडोज १० सकट विकत घेतलेला, त्यामुळे ती की त्याच्या मदरबोर्डमध्येच आहे. पहिल्यांदा सुरू झाल्यावर वायफाय नव्हतंच. मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं, इंटरनेट आलं आणि ॲक्टिव्हेशन आपोआप झालं.

मग डी ड्राइव्ह उघडायला गेलो तर त्यावर कुलूप. ४८ अंक मागत होता. प्रत्येक ड्राइव्हची किल्ली वेगळी असते, स्क्रीनवर दिसणाऱ्या आयडीची पहिली आठ अक्षरं खात्यातल्या आयडीशी जुळवून घ्यायची. कागद होता म्हणून दोन मिनिटांत मोकळा झालो. त्या डी मध्ये माझ्या पत्रिकांचे सगळे जुने नमुने आहेत.

लॉकच्या बाबतीत क्रम महत्त्वाचा: आधी ड्रायव्हर बसवायचा, मग लॉक यूएसबीत घालायचं. फॉन्ट टाकले, सॉफ्टवेअर उघडलं, आरतीसंग्रह काढला. मी पहिल्यांदा रफार पाहिले, मग ‘ज्ञ’, मग ‘श्री’. फॉन्ट बिघडला की आधी तिथेच तो पकडला जातो. सगळं ठाकठीक होतं. प्रूफ त्याच संध्याकाळी देवस्थानला पोचलं.

१० वर परतणं सुरक्षित आहे का, असं मला इतरांनी विचारलं. माझं मत: कायमचं नाही. विंडोज १० च्या २२एच२ आवृत्तीसाठी मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरकर्त्यांना वाढीव सुरक्षा अपडेटची सोय दिली आहे. मायक्रोसॉफ्ट खात्याने नोंदणी केली की १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ती मिळतात. नोंदणी मी केली. अपडेटच्या पानावर ११ घेण्याची सूचना पुन्हा आली, तिथे ‘सध्या १० वरच राहा’ असा पर्याय असतो तो निवडला. आता या लॅपटॉपवर फक्त टाइपसेटिंग होतं, इंटरनेट एरवी बंद. बँक, ईमेल, ग्राहकांचे पेनड्राइव्ह हे सगळं दुसऱ्या मशीनवर, जिथे ११ आहे आणि उत्तम चालते. जुन्या फाइल युनिकोडमध्ये आणायचं काम भाच्याच्या सुट्टीत सुरू केलंय. सुरुवात आरतीसंग्रहापासून.