पट्टा रुंद, काका नाराज: निफ्टी आणि फझी रिग्रेशन, नोंद ४

मागच्या नोंदीत मोठ्या तोऱ्यात लिहून बसले होते की पुढच्या वेळी निफ्टीचा आठवड्याचा पट्टा घेऊनच येते. आलाय पट्टा. निफ्टी आज २४,००० वर असेल, तर पुढच्या शुक्रवारी २१,०८० ते २७,०५० च्या मध्ये कुठेतरी.

खालच्या मजल्यावरच्या काकांना हे ऐकवलं. ते निवृत्त झाले ते पुण्यात शिवाजीनगरच्या शिमला ऑफिसातून (हवामान खातं), म्हणजे अंदाज आणि त्याच्या चुका या दोन्हींची त्यांना आयुष्यभराची सवय. म्हणाले, "अगं, एवढं तर मी चहा पिता पिता सांगितलं असतं. त्यासाठी कॉम्प्युटर कशाला तापवलास?"

त्यांचं बरोबरच आहे. पण पट्टा एवढा का पसरतो हे शोधण्यात माझे तीन शनिवार गेले आणि खरी मजा तिथेच आली.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी दोन ओळी. नेहमीच्या रिग्रेशनमध्ये (जुन्या आकड्यांतून रेघ काढून अंदाज बांधणं) रेघ ठाम असते आणि जे जुळत नाही ते योगायोगाच्या खात्यावर टाकतात. १९८२ मध्ये तनाका, उएजिमा आणि असाई यांनी हे उलटं केलं: ढिलेपणा मोजमापात नाही, खुद्द गुणकांतच (रेघ ठरवणाऱ्या आकड्यांतच) आहे असं धरायचं. लॉट्फी झादे यांनी १९६५ मध्ये मांडलेली फझी संचाची कल्पना (आत किंवा बाहेर असं ठाम नाही, थोडंफार आत असणंही चालतं) त्यांनी गुणकांना लावली. मग प्रत्येक गुणकाला एक केंद्र आणि एक फैलाव. अट एकच, आजवरचा प्रत्येक बिंदू पट्ट्याच्या आत आला पाहिजे. अशा सगळ्या पट्ट्यांतला ज्याचा एकूण फैलाव सगळ्यांत कमी, तो आपला. वर्ग नाहीत, सरासरी नाही, सरळ लिनिअर प्रोग्रॅमिंग (रेषीय अटी पाळून लहानात लहान बेरीज शोधणं). २०१५ ते २०२४ असे साधारण ५२० आठवडे घेतले, प्रत्येकाच्या दोन अटी, एकूण १,०४०. माझा जुना लॅपटॉपही हे चुटकीसरशी सोडवतो.

पहिला शनिवार मूर्खपणात गेला. सायपायमधलं (पायथनची गणिताची लायब्ररी) लिनप्रोग हे तयार फंक्शन वापरलं आणि व्हिक्सच्या (बाजाराच्या धास्तीचा निर्देशांक) गुणकाचं केंद्र काही केल्या शून्याखाली जाईना. दोन तास डेटावर संशय घेतला. शेवटी कळलं की लिनप्रोग आपण काही सांगितलं नाही तर प्रत्येक अज्ञात शून्य किंवा त्याहून मोठंच धरतं. फैलावाला ते ठीक, केंद्राला नाही. केंद्रांच्या सीमा हाताने मोकळ्या करा. माझ्यासारखे आणखी कोणी अडकू नका.

दुसरी शंका एचची. प्रत्येक बिंदूचं सभासदत्व (तो पट्ट्याच्या किती आत आहे: काठावर ०, मध्यावर १) निदान एच एवढं असावं, अशी अट घालता येते. एच शून्यावरून ०.५ केला तर केंद्रं जागची हलली नाहीत आणि फैलाव बरोबर दुप्पट झाले. दशांशापर्यंत दुप्पट! कोडमध्ये गडबड असणार म्हणून पुन्हा सगळं तपासलं. गडबड नव्हती. y चे, म्हणजे ज्याचा अंदाज बांधायचा त्याचे, आकडे ठाम असतील तर फैलाव १ भागिले (१ वजा एच) या पटीतच वाढतो, गणितातच तसं आहे. म्हणजे एच फिरवून मॉडेल शहाणं होत नाही, पट्टा फक्त फुगतो. वरचाच पट्टा ०.५ ला १८,१०० ते ३०,०३० होतो. काकांना तो दाखवायची हिंमत झाली नाही. आणि हे ०.५ म्हणजे पन्नास टक्के शक्यता नव्हे. इथे शक्यतेचं गणितच नाही, हे मला स्वतःलाही दर आठवड्याला बजावावं लागतं.

आता मुद्द्याचं. पट्टा ठरवतं कोण?

हे बघायला सगळे चल (व्हिक्ससारखे, ज्यांवरून अंदाज बांधायचा ते आकडे) काढून टाकले आणि एकटा स्थिरांक ठेवला, म्हणजे दर आठवड्याच्या टक्केवारीवर एक आडवा पट्टा. यासाठी कॉम्प्युटरही नको, अप्पा बळवंत चौकातून आणलेला आलेख-कागद पुरला. दहा वर्षांतला सगळ्यांत वाईट आठवडा २० मार्च २०२० ला संपलेला: ९,९५५.२० वरून ८,७४५.४५, म्हणजे उणे १२.१५ टक्के. सगळ्यांत चांगला त्यानंतर तिसऱ्याच आठवड्यात, ९ एप्रिलला संपलेला: ८,०८३.८० वरून ९,१११.९०, अधिक १२.७२. केंद्र ०.२८, दोन्ही बाजूंना १२.४३. झालं उत्तर. उरलेले पाचशेहून जास्त आठवडे नुसते प्रेक्षक. त्यांतले चारशे पुसून टाकले तरी पट्टा तसूभर हलणार नाही.

चल वाढवले तरी चित्र फार बदलत नाही. स्थिरांक आणि तीन चल म्हणजे चार केंद्रं, चार फैलाव, आठ अज्ञात. उत्तर कोपऱ्यावर सापडतं, आणि तो कोपरा एरवी आठच अटी ठरवतात. त्यांतल्याही एकदोन "फैलाव शून्याखाली जाऊ नये" अशा असतात. म्हणजे सहा-आठ आठवड्यांचं राज्य.

पुण्यात नदीकाठच्या जुन्या पेठांत १२ जुलै १९६१ ची आठवण अजून निघते, फुटलेल्या पानशेत धरणाचं पाणी इथवर आलं होतं म्हणून भिंतीवर हात ठेवून दाखवतात. तनाकाचा पट्टा म्हणजे ती भिंतीवरची रेघ. ती खरीच आहे. पण खडकवासल्यातून पाणी सोडलंय, आज नदीपात्रातल्या भिडे पुलावरून गाडी काढावी का, हे त्या रेघेला विचारून उपयोग नाही.

म्हणून वाटलं, पट्टा परिस्थितीप्रमाणे श्वास घेईल असं करू. आदल्या शुक्रवारचा इंडिया व्हिक्स आत घेतला. (त्याच आठवड्याचा नाही! ती चोरी मी नोंद २ मध्ये केली होती आणि तुम्हीच पकडली होती.) बाजार शांत तेव्हा व्हिक्स लहान, पट्टा अरुंद, बाजार घाबरला की रुंद. कागदावर सुरेख. मार्च २०२० चा आठवडाही सुखात बसतो, कारण त्याआधीच्या शुक्रवारी व्हिक्स ४० च्या वर पोचलेलाच होता.

आणि मग पट्ट्याचा नवा मालक हजर. २८ फेब्रुवारी २०२० ला संपलेल्या आठवड्यात निफ्टी १२,०८०.८५ वरून ११,२०१.७५ वर आला, ७.२८ टक्के खाली. त्याच्या आदल्या गुरुवारी (शुक्रवारी महाशिवरात्रीची सुट्टी) व्हिक्स १४ च्या आसपास निवांत. केंद्र शून्य आणि सगळा फैलाव व्हिक्सवर टाकला, तर हा एक आठवडा पट्ट्यात घ्यायला गुणक निदान ०.५२ हवा. मग व्हिक्स ४० असताना पट्टा दोन्ही बाजूंना २१ टक्के. एका मालकाला घालवायला गेले आणि दुसऱ्याने जास्त भाडं मागितलं. थोडा फैलाव स्थिरांकाला आणि थोडा व्हिक्सला दिल्यावर जरा बरं, पण चवीला मीठ घालावं तेवढंच.

तीन वर्षांची सरकती खिडकी लावून पाहिली, १५६ आठवड्यांची. ती तर विनोदीच. मार्च-एप्रिल २०२३ मध्ये जुने दोन्ही आठवडे खिडकीबाहेर पडतात आणि पट्टा एकदम आकसतो. नेमक्या त्याच मार्चमध्ये, १० तारखेला, अमेरिकेत सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली होती. जग धास्तावलेलं आणि माझं मॉडेल निर्धास्त होत चाललेलं.

तिसऱ्या शनिवारी खरी गोष्ट हाती लागली, तीही चुकून. २३ मार्च २०२० ला निफ्टी एका दिवसात १,१३५.२० अंकांनी, जवळपास १३ टक्के पडला. मग हा आठवडा पट्ट्याच्या काठावर का नाही? कारण शुक्रवारी, २७ तारखेला, तो ८,६६०.२५ वर होता. शुक्रवार ते शुक्रवार घट एक टक्कासुद्धा नाही! २०२४ च्या निवडणूक निकालाच्या आठवड्यातही हेच: मंगळवारी, ४ जूनला ५.९३ टक्के आपटला, आणि आठवडा ३.३७ टक्के वर बंद. माझ्या फाइलमध्ये तो छान, हसरा आठवडा म्हणून बसलाय. त्यात तळ साधारण २१,२८१ आणि माथा साधारण २३,३३८ होता, हे फाइलला माहीतच नाही.

म्हणजे गुणक फझी करण्याच्या नादात मी y ला शुक्रवारच्या एका ठाम आकड्यात कोंबत होते. ढिला आहे तो आठवडाच. त्यामुळे आता आठवड्याचा तळ आणि माथा घेऊन y च त्रिकोणी फझी संख्या (तळ, बंद भाव आणि माथा अशी तीन टोकांची) करतेय. बंद भाव क्वचितच मधोमध येतो, तेव्हा डावा आणि उजवा फैलाव वेगळे. आणि सगळ्यांना आत घेण्याचा हट्ट सोडून डायमंड यांची १९८८ ची फझी लघुतम वर्गांची पद्धत वापरणार: केंद्र, डावं टोक, उजवं टोक, तिन्हींच्या फरकांचे वर्ग मिळवायचे आणि बेरीज लहानात लहान करायची. त्यात एकदोन आठवड्यांची दादागिरी कमी होईल. पट्ट्याबाहेर बिंदू जातील, ते मान्य आहे. किती गेले ते मोजून लिहीनच.

पैसे लावलेले नाहीत, लावणार नाही, कोणी लावूही नका. हा शनिवारचा छंद आहे.

एका गोष्टीवर तुमचं मत हवंय. ९ एप्रिलचा तो १२.७२ वाला आठवडा तीनच दिवसांचा होता, सोमवारी महावीर जयंती आणि शुक्रवारी गुड फ्रायडे. तीन दिवसांच्या आठवड्याला पाच दिवसांच्या पंगतीत तसाच बसवायचा, की पाच-पाच सत्रांचे तुकडे करून शुक्रवारचा नादच सोडायचा? मी दुसऱ्याकडे झुकतेय. काका म्हणतात शुक्रवार सोडू नकोस, कारण त्यांना दर शुक्रवारी साडेतीन वाजता वर येऊन विचारायची सवय लागलीये: "काय, सहा हजारांच्या आत बसला का आज?"