सई, सखू आणि एक सही

बुधवार, रात्रीचे साडेअकरा

रविवारी बारसं. पाळणा ठरला, पाळण्याला लावायच्या फुलांचं ठरलं, जेवायला कोण कोण ते दोनदा ठरून दोनदा मोडलं. बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. आणि त्याबद्दल पाठीत धपाटे खायचा मानही माझाच. फक्त कानात सांगायचं काय, ते चार दिवसांवर आलं तरी ठरेना.

गुरुजींनी शततारका नक्षत्र काढून दिलं. गो, सा, सी, सू. 'गो'वरून मी गोदावरी सुचवलं, तर भावजयीनं माझ्याकडे असं पाहिलं की विषय तिथेच मिटला. पत्रिका न मानणारा माझा धाकटा भाऊ मग 'सा'ची यादी करायला सगळ्यात पुढे. सान्वी, सायली, सावी, सारा. फोनवर यादी वर-खाली करत तो प्रत्येक नाव हाक मारून बघत होता. "सान्वीऽ, जेवायला चल!" बाळ पंचवीस मिनिटांपूर्वीच पिऊन झोपलेलं.

मी म्हटलं, सई ठेवा.

'सा' नाही पण 'स' आहे, चालेल म्हणाले. भावजयीला लगेच आवडलं. छोटं, हाक मारायला सोपं, आणि म्हणे फुलाचं नाव. फुलाचं? तिला कुणीतरी तसं सांगितलं होतं. जाई, जुई आणि मग त्याच ओळीत सई, असा तो हिशोब असणार. कानाला ते पटतंही. पण सई हे फूल नाही, सई म्हणजे मैत्रीण. संस्कृतातली सखी प्राकृतात सही झाली आणि मराठीत येईतो तिचा 'ह'ही गळून सई उरली. 'ख'चा 'ह' होणं ही प्राकृतातली नेहमीची वाट. 'लिख्'चं आपलं लिहिणं तसंच झालं. हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या महाराष्ट्री प्राकृतातल्या गाथासप्तशतीत बाया एकमेकींना 'सहि' अशी हाक मारून मनातलं सांगतात. नवरा परगावी गेलाय, सासू जागी आहे, पाऊस धरून आलाय, असलं सगळं सखीला सांगायचं. पुढे जात्यावरच्या ओव्यांमध्येही तीच हाक, सये. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून अशा ओव्या जमवल्या, त्या लाखाच्या वर आहेत. इतक्या बायांनी पहाटेच्या अंधारात कुणाला ना कुणाला उद्देशून म्हटलेलं.

हे मला फार आवडतं. बहुतेक मुलींची नावं म्हणजे वर्णन असतं, गोरी, सुंदर, चमकणारी, वाहणारी. नाहीतर देवी. सई हे वर्णन नाहीच, ती हाक आहे. एकटीला ती लागूच पडत नाही, समोर दुसरी कुणीतरी हवी.

एवढं सगळं मी बोलले नाही अर्थात. "मैत्रीण असा अर्थ आहे," एवढंच म्हटलं. धाकटा म्हणाला, "शिवाजी महाराजांच्या राणीचं नाव ना?" हो, सईबाई. फलटणच्या नाईक निंबाळकरांची लेक, महाराजांची पहिली पत्नी, संभाजी महाराजांची आई. ५ सप्टेंबर १६५९ला राजगडावर गेली. संभाजीराजे तेव्हा सव्वादोन वर्षांचे, आणि अफजलखान चालून आलेला. प्रतापगडाची भेट त्यानंतर दोन महिन्यांनी, १० नोव्हेंबरला. राजगडाच्या पद्मावती माचीवर तिची समाधी दाखवतात. मी कॉलेजात असताना गेले होते. सगळे बालेकिल्ल्याकडे घाईनं निघालेले आणि मी त्या दगडापाशी बुटाची नाडी बांधत बसलेले. इतिहासातला तो महिना किती वेळा वाचलेला, पण त्या महिन्यात घरात दुखवटा होता हे तिथे बसल्यावर पहिल्यांदा डोक्यात आलं.

सईबाईंच्या एका लेकीचं नाव सखूबाई. तिला परत फलटणलाच दिलं, मामाच्या घरी, बजाजी निंबाळकरांचा मुलगा महादजी याला. आई सई, लेक सखू. म्हणजे एकाच सखीची दोन रूपं एका घरात. तेव्हा ते कुणाला जाणवलं असेल का कोण जाणे. नावाचा अर्थ सांगत बसायचा उद्योग आपलाच.

आमची आजी सखू होती. वडिलांची आई. सखुबाई.

आणि इथून पुढे मला आज झोप येईना, म्हणून ही वही काढली.

आजी सही करायला शिकली ती साठीच्या आसपास, प्रौढ शिक्षणाच्या वर्गात. त्याआधी अंगठा. पेन्शनच्या दिवशी मी तिच्याबरोबर बँकेत जायचे, सुट्टी असली की. ती काउंटरशी उभी राहून, डोक्यावरचा पदर सारखा करून विचारायची, "सई कुठं करू, दादा?" आतला माणूस बोटानं रकाना दाखवायचा. मग ती पेन असं धरायची जसं काही ते निसटून जाणार आहे, आणि 'स'ची गाठ घालायला सुरुवात करायची. आधी खालची रेघ, मग वरचं वळण, उलट क्रमानं. शेवटची 'ई' तिच्या हातून नेहमी ह्रस्वच व्हायची, सखुबाइ. मागची रांग खोकायची. ती घाई करत नसे. संपलं की पेनाचं टोपण लावून, स्वतःशीच "झाली सई" म्हणायची.

ही सई वेगळी, अरबीतून आलेली. सहीह म्हणजे बरोबर, खरं, त्यावरून कागद खरा केल्याची खूण ती सही. तिचा नि सखीचा काही संबंध नाही. पण आजीच्या तोंडी तिचाही 'ह' गळाला. दोन हजार वर्षांच्या वाटेवर सखीचं जे झालं, ते त्या काउंटरपाशी माझ्यासमोर सहीचं झालं होतं. तेव्हा मी "आजी, सई नाही, सही म्हण" असं सांगून तिला दुरुस्त केलं होतं. आठवीत होते. अक्कल भरपूर होती तेव्हा.

तर सई आणि सखू हे एकच नाव. पण नशीब बघा. सखू म्हटलं की नाटकात भांडी घासणारी बाई. संत सखूचं नाव सगळ्यांना ठाऊक, पण कुणी आपल्या मुलीला ते देणार नाही. मी आज गंमत म्हणून म्हटलं, "मग सखूच ठेवूया की," तर धाकटा खरंच चिडला. शाळेत चिडवतील तिला, म्हणे. बरोबर आहे त्याचं, चिडवतील. आणि सई मात्र आज सोसायटीत दोन आहेत, मोठी सई आणि छोटी सई. माझ्या वर्गात एकही नव्हती. आमच्याकडे वैशाली तीन आणि मनीषा दोन. आमच्या लहानपणी सई म्हणजे सई परांजपे, बस्स. त्यांचा जन्म १९३८चा, म्हणजे त्यांच्या आईनं हे नाव फारच आधी हेरलं होतं. मग सई ताम्हणकर आली, मालिकांमधून सया आल्या, आणि दोन अक्षरी नावांची लाट तर आहेच. जुई, राही, इरा, रेवा. लांब नावांचा लोकांना कंटाळा आलाय, किंवा फोनच्या कोपऱ्यात मावेल असं हवंय.

अडचण एकच, इंग्रजी. एस-ए-आय लिहिलं की साई. शाळेत, विमानतळावर, दवाखान्यात सगळीकडे "साई कोण?" साई म्हणजे स्वामीचं रूप, धनी, मालक. मैत्रिणीचा एका स्पेलिंगनं मालक होतो. मला हसू आलं, भावजयीला नाही आलं. तिला रोज दुरुस्त करत बसायचं नाहीये. डबल ई लावा म्हटलं, एस-ए-डबल-ई. मग कुणी 'सी' वाचेल म्हणाली. वाय घाला, मग 'सायी'. शेवटी धाकट्यानं कागदावर पाच प्रकार लिहिले आणि दारात आलेल्या कुरिअरवाल्या मुलाला वाचायला लावले. त्यानं पाचही वेगळे वाचले. डबल ईवाला त्यातल्या त्यात जवळ गेला.

घाई तशी नाही. जन्माची नोंद झालीय, ती एकवीस दिवसांत करावी लागते. नाव नंतर घालता येतं, वर्षभरात तर फीसुद्धा नाही. पण एकदा घातलं की ते तिथे बसलं, त्यामुळे धाकटा घाबरलाय. मुलीच्या नावापेक्षा तिच्या स्पेलिंगचीच त्याला जास्त काळजी.

रात्री आईला फोन केला. नाव सांगितलं, अर्थ सांगितला. ती थोडा वेळ गप्प. मला वाटलं आवडलं नाही.

"म्हणजे सासूबाईंचंच नाव ठेवताय की," म्हणाली.

मी म्हटलं, हो, पण धाकट्याला रविवारपर्यंत बोलू नकोस.

"मी कशाला बोलू," आई म्हणाली, आणि मग विचारलं की चौथ्या धपाट्याला मी ओरडणार आहे का, कारण भावजयीच्या माहेरच्या बाया फार जोरात मारतात.