माठ रुसतो तेव्हा

सोलापुरात उन्हाळा लागला हे कॅलेंडरच्या आधी कुंभार वेस सांगते. रस्त्याकडेला माठांच्या उतरंडी लागल्या की समजायचं, आता चार महिने घराबाहेर पडताना डोक्याला रुमाल.

आमची आई माठ घेते ते बघण्यासारखं असतं. बोटाने टिचकी मारायची आणि कान द्यायचा. आवाज खणखणीत आला तर ठीक, बद्द आला की माठ बाजूला. मग तोंडातून कोपरापर्यंत हात घालून आतून चाचपायचं. एवढं झाल्यावर भावाची बोलणी, आणि त्यात तिचं वय, गुडघे, घरातली माणसं असं सगळं येतं. माठ रिक्षाने घरी येतो, तोही तिच्या मांडीवर बसून. तीन दिवस पाणी भरायचं आणि झाडांना ओतायचं. चौथ्या दिवशी मागच्या दारापाशी, जिथे खिडकीतला वारा दाराबाहेर पडतो तिथे, वाळूच्या घमेल्यात त्याची स्थापना. साबणाचा हात त्याला लागू द्यायचा नाही.

जुन्या माठाचं काय झालं विचारलं तर म्हणाली, "त्याचे डोळे मिटले." आमच्याकडे बोअरचं पाणी, क्षार भरपूर. वर्षभरात माठावर पांढरी बुरशी धरल्यासारखा थर येतो, छिद्रं बुजतात आणि पाणी गार व्हायचं थांबतं. हे मी तिला समजावायला गेलो तर म्हणाली, "मग मी काय वेगळं म्हटलं?"

यंदा हे सगळं बघायला माझी भाची होती. दहावीची परीक्षा देऊन आजोळी आलेली, हातात मोबाइल आणि चेहऱ्यावर कंटाळा. नवा माठ पाझरायला लागला तो दिवस तिने बघितला. आधी पोटावर एक काळपट ओला डाग उठला, संध्याकाळपर्यंत तो सगळीकडे पसरला. बुडाच्या गोलाईवर एक थेंब धरला, लांबला, बराच वेळ लोंबकळला आणि वाळूत पडून नाहीसा झाला.

"आजी, गळका दिला की गं तुला."

"गळत नाही तो, पाझरतो. पाझरतो म्हणून गार होतं."

"पाझरलं की गार का होतं?"

आईने माझ्याकडे बोट दाखवलं. "तुझ्या मामाला विचार. त्याने त्याचंच कॉलेज केलंय."

हे खरं आहे. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलं आणि पुढची सव्वीस वर्षं बँकेत नोटा मोजल्या. छाती फुगवून मी म्हणालो, "बाष्पीभवन."

"ते नाव झालं," भाची म्हणाली. "बाष्पीभवन होतं तेव्हा गार का होतं?"

आणि मी अडकलो. सुप्त उष्मा, एवढे ग्रॅम, तेवढे कॅलरी, सगळं तोंडावर आलं, पण तेही नावच. आमच्या वेळी बारावीचं फिजिक्स म्हणजे डेरिव्हेशन पाठ करायची. सर फळ्यावर चौकट आखून म्हणायचे, "हे येणार." ते यायचं, आम्ही लिहायचो आणि पेपरचा गठ्ठा बांधला जायच्या आत विसरायचो. त्या दोन वर्षांत वर्गात कुणी "पण का?" असं विचारल्याचं मला आठवत नाही. मी तर नक्कीच विचारलं नव्हतं.

रात्री गच्चीवर पडल्या पडल्या विचार केला तेव्हा जरा उलगडलं. पाण्याचे रेणू सगळे सारख्या वेगाचे नसतात. काही सुस्त, काही उनाड. पृष्ठभागावरून हवेत सटकतात ते बहुतेक उनाडच, कारण बाकीच्यांची ओढ तोडायला तेवढा जोर लागतो. वर्गातली दंगेखोर पोरं पळून गेली की मागे उरलेला वर्ग आपोआप थंड होतो, तसंच. तापमान म्हणजे दुसरं काय, या दंग्याची सरासरीच. सकाळी हे तिला सांगितलं. चहाचा कप हातात घेऊन ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "म्हणजे माठ पाण्याला गार करत नाही. गरम असतं ते बाहेर जाऊ देतो."

सव्वीस वर्षांपूर्वी असं वाक्य मला सुचलं असतं तर कदाचित नोटा मोजल्या नसत्या.

मग तिला मोजायचं होतं. घरातल्या कुठल्याशा खणातून लाल रंगाच्या द्रवाचा एक थर्मामीटर निघाला, एका बाजूला सेल्सिअस, दुसऱ्या बाजूला फॅरेनहाइट. दुपारी तीन वाजता मागच्या पडवीत हवा 40 अंश, माठातलं पाणी 26. काही आकडे लहानपणापासून माहीत असल्यासारखे वाटतात आणि तरी प्रत्यक्ष दिसले की दचकवतात. चौदा अंशांचा फरक, वीज नाही, गॅस नाही, भाजलेली माती तेवढी.

लगेच तिने वहीत हिशेब मांडला. माठात दहा लिटर पाणी, म्हणजे दहा हजार ग्रॅम. ते चौदा अंश उतरवायला एक लाख चाळीस हजार कॅलरी काढून घ्यायला हव्यात. एक ग्रॅम पाणी वाफ होताना साधारण 580 कॅलरी नेतं. भागाकार केला, उत्तर दोनशे चाळीस ग्रॅमच्या आसपास. "मामा, पाव लिटर उडालं की दहा लिटर गार!" खरं तर बाहेरची उष्णता सतत आत येत असते, त्यामुळे पाव लिटरपेक्षा बरंच जास्त उडतं. ते मी सांगितलं, पण तिने ऐकलं नाही. पहिल्यांदा उत्तर जुळलेल्या माणसाने बाकी काही ऐकूही नये.

पुढचा प्रश्न मात्र नेमका होता. 26 वरच का थांबतो? फ्रिज तर खाली जातो. थर्मामीटरच्या फुग्याला ओला कापूस गुंडाळून आम्ही तो वाऱ्यात धरला. पारा म्हणायची सवय आहे म्हणून म्हणतो, पारा उतरत उतरत 24 वर आला आणि तिथे ठाण मांडून बसला. हवामानवाले याला ओल्या फुग्याचं तापमान म्हणतात. हवेत बाष्प किती आहे यावर ते ठरतं, आणि माठ कितीही चांगला असला तरी याच्या खाली जाऊ शकत नाही. कुंभाराची कारागिरी तिथे संपते.

या एका आकड्याने आमच्या घरातलं एक जुनं भांडण मिटलं. माझी मावसबहीण डोंबिवलीला असते. काही वर्षांपूर्वी हौसेने तिने इथून माठ नेला, एसटीत मांडीवर धरून. आठ दिवसांनी फोन. पाणी कोमटच लागतं, कुंभाराने फसवलं. आईने बाजू घेतली कुंभाराची, बहिणीने दोष दिला आईच्या पारखीला, आणि दोघी एक दिवाळी एकमेकींशी जेवढ्यास तेवढं बोलल्या. माठाचा काहीच दोष नव्हता. डोंबिवलीची हवा आधीच बाष्पाने भरलेली, तिथे नव्या रेणूला शिरायला लोकलइतकीच जागा. सोलापूरची हवा कोरडी ठणठणीत, ती मिळेल ते पाणी ओढून घेते. भाचीने फोन करून हे मावशीला सांगितलं. मावशी म्हणाली, "हे तेव्हा सांगायचं होतं की."

कोरड्या हवेचा दुसरा चेहरा दाजींना रोज दिसतो. पूर्व भागातल्या एका कारखान्यात ते यंत्रमागावर टॉवेल काढतात. उन्हाळ्यात सूत कोरडं पडतं, ताण्याचे धागे पटापट तुटतात, माग थांबतो, गाठ मारा, पुन्हा चालू करा. म्हणून दुपारी शेडमध्ये जमिनीवर पाणी मारायचं. ओलाव्याने सुती धागा बळकट होतो. हे मागावरच्या प्रत्येकाला माहीत असतं, तेलुगू बोलणाऱ्याला, कन्नड बोलणाऱ्याला आणि आपल्यालाही. पण त्याच ओलाव्याने माणसाचा घाम सुकेनासा होतो. धाग्याला हवं ते कामगाराला नको असतं, आणि दोघं एकाच शेडमध्ये बारा बारा तास. अंग म्हणजे तरी काय, चालता-बोलता माठच. ओल्या फुग्याचं तापमान 35 वर गेलं तर धडधाकट माणसालाही घामाने गार होता येत नाही, आणि प्रत्यक्षात जीव त्याच्या बराच आधी घाबरा होतो. आम्ही सोलापूरकर 44 अंशांचा मोठा तोरा मिरवतो. आमचं भागतं ते हवा कोरडी आहे म्हणून.

निकाल लागला आणि दाजी जेवायला आले. अकरावीचा फॉर्म भरायचा होता.

"सायन्स घे, हरकत नाही," ते म्हणाले. "पण फिजिक्स फिजिक्स काय लावलंय ओ हिने? त्याला स्कोप काय आहे?"

स्कोप. आपल्याकडे मुलीचं स्थळ आणि मुलांचा विषय एकाच नजरेने बघतात. मला वाटलं सांगावं, तुमच्या कारखान्याच्या कोपऱ्यावर जी डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, आहे ना, तिच्यातली युक्ती 1831 साली मायकेल फॅरेडेने शोधली. लोहाराचा मुलगा, पुस्तकांच्या बांधणीच्या दुकानात उमेदवारी करणारा, बांधायला आलेली पुस्तकं वाचून शिकलेला. लोखंडी कड्यावर तारेची दोन वेटोळी, एकातला प्रवाह चालू-बंद केला की क्षणभर दुसऱ्यात हलतो. तिथून वीज निघाली ती थेट तुमच्या मागाच्या मोटरपर्यंत. पण डीपीचं नाव काढलं की दाजी वीजबिलावर घसरतात, म्हणून गप्प बसलो.

रामन यांचंही सांगायचं होतं. 1907 मध्ये ते कलकत्त्याला सरकारी हिशेब खात्यात लागले. दिवसा कचेरी आणि उरलेल्या वेळात बोबाजार रस्त्यावरच्या विज्ञानसंस्थेत प्रयोग. दिवसा हिशेब करणं, एवढंच आमचं साम्य. 1917 मध्ये ती चांगल्या पगाराची नोकरी सोडून ते प्राध्यापक झाले. 1921 मध्ये बोटीने येताना भूमध्य समुद्राचा निळा रंग त्यांच्या मनात बसला. समुद्र निळा दिसतो कारण त्यात आकाशाचं प्रतिबिंब पडतं, असं तेव्हा मोठमोठे मानत. रामन यांच्याजवळ एक लोलक होता. त्यातून पाण्यावरची चकाकी वगळून पाहिलं, तरी समुद्र निळाच. म्हणजे ती निळाई पाण्याच्या पोटातलीच. इथून सुरू झालेला धागा 28 फेब्रुवारी 1928 ला रामन परिणामाच्या शोधापर्यंत जाऊन पोचला, आणि दोन वर्षांनी नोबेलपर्यंत. बोटीवर शेकडो लोक असणार. समुद्र सगळ्यांनीच पाहिला असणार.

मला नेहमी वाटतं, या विषयाकडे कुणी मोठ्या प्रश्नासाठी येत नाही. विश्व कसं निर्माण झालं वगैरे नंतर. आधी कुठलातरी बारीक खडा चपलेत शिरतो. बाकीचे चप्पल झटकतात आणि चालू लागतात. एखाद्याला मात्र तो खडा बघायचाच असतो, तिथेच, भर रस्त्यात, मागून गाड्या हॉर्न देत असताना.

हे काही मी दाजींना बोललो नाही. शेवटी भाचीच म्हणाली, "पप्पा, ते पावसाचं विमान आठवतंय?"

आठवत होतं. 2018 आणि 2019 च्या पावसाळ्यात पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने आमच्या आकाशात प्रयोग केला होता. सोलापूर पर्जन्यछायेत. ढग येतात, सावली देऊन पुढे जातात. विमानातून ढगांच्या बुडाशी कॅल्शियम क्लोराइडचे बारीक कण सोडायचे. हा क्षार पाण्याला धरतो, थेंब मोठे होतात, पडण्याजोगे होतात. 276 ढग निवडले, काहींत बी पेरलं, काही तसेच सोडले, कारण तुलना केल्याशिवाय कळणार काय? पाऊस सुमारे 18 टक्के वाढल्याचं त्यांनी नंतर मांडलं. ढगच नसेल तर विमानाचा उपयोग शून्य, हेही खरं. तेव्हा भाची लहान होती, गच्चीवर उभी राहून विमानाला हात करायची.

"माठाच्या बरोबर उलटं आहे ते," ती म्हणाली. "इथे पाण्याची वाफ, तिथे वाफेचं पाणी."

दाजींनी शेंगाचटणीत दही कालवलं, भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "बरं. पण क्लास लावणार असशील तर फी आधी सांग."

मान्यता मिळाली, असा मी त्याचा अर्थ घेतला.

जूनमध्ये मृग लागला, ढग भरून आले आणि माठाचं पाणी कोमट लागू लागलं. आई दरवर्षीप्रमाणे म्हणाली, "आभाळ आलं की माठ रुसतो." भाचीने ओला कापूस वाऱ्यात धरला, 28. माठ 29. तिला इतका आनंद झाला की जणू तो तिच्याच सांगण्यावरून रुसला होता. एप्रिलपासूनचे सगळे आकडे ती स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहीत आली होती, आईच्या दुधाच्या नोंदींशेजारी. एका चौकोनात "दूध 1 लि." आणि खाली "26". आईने सुरुवातीला कुरकुर केली होती की महिनाअखेरीला गवळ्याचा हिशेब चुकेल.

कॉलेजच्या कागदपत्रांसाठी भाची दोन दिवस घरी गेली. परत आल्यावर पिशवी ठेवायच्या आधी कॅलेंडरकडे. दोन्ही चौकोन भरलेले होते, थरथरत्या अक्षरात, दुधाखाली. 84 आणि 84.

आई चुलीपाशी पाठ करून उभी. "चष्मा लावून बघितलंय मी," ती न विचारता म्हणाली.

चुकीच्या बाजूने वाचलेलं होतं. भाचीने पेन काढलं, मला वाटलं खोडणार. तिने उभ्या उभ्याच बत्तीस वजा केले, पाचाने गुणलं, नवाने भागलं आणि आजीच्या आकड्याला धक्का न लावता बाजूला बारीक अक्षरात लिहिलं, 29.